गोराइमारूची ताई

नाबेता सुमिएनं चाळिशी ओलांडली तरी ती ताईच होती. पिवळी अर्धी चड्डी, पिवळी टोपी, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे आणि हातात माईक. कुमागाया शहरातल्या त्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर सुट्टीच्या दिवशी जी पोरं जमत, त्यांना तिचं नाव माहीत नव्हतं आणि नावाची गरजही नव्हती. गोराइमारूच्या खेळात एक ताई असते आणि ती सांगेल तेव्हा ओरडायचं असतं, एवढं त्यांना पुरत होतं. पोरांच्या आया मात्र तिच्या गुडघ्यांकडे बघायच्या. तोंडाला रंग फासता येतो, गुडघ्यांचं काय करणार?

तिची आई गावी, चिचिबूला असायची. दर फोनला तिचा एकच प्रश्न ठरलेला, "अजून अर्ध्या चड्डीतच का गं तू?" सुमिए म्हणायची, "उन्हाळा आहे, आई." हिवाळ्यातही तेच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ती घर सोडून आली ती नाटकात राणी व्हायला. राणी नाही तर राणीची दासी तरी. ती नाटक मंडळी वर्षभरात बुडाली. मालकानं तिला दोन महिन्यांपुरतं म्हणून एका दुकानाच्या गच्चीवर पाठवलं आणि ते दोन महिने काही संपले नाहीत. मधे एकदा लग्नाचं जमत आलं होतं. मुलाच्या आईनं चहाच्या पेल्यावरून विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?" सुमिए खरं तेच बोलली, "मी मुलांना ओरडायला लावते." त्या बाईंनी पेला खाली ठेवला आणि स्थळ तिथंच मोडलं.

पण ओरडायला लावावं तर तिनंच. लाजरी पोरं, रुसलेली पोरं, आईच्या मागे दडणारी पोरं, सगळ्यांच्या घशातून ती आवाज काढायची. गोराइमारूच्या खेळात तर सगळी मदार त्यावरच होती. गोराइमारू कोण, हे ज्यांच्या घरात त्या काळी लहान मूल नव्हतं त्यांनाच सांगावं लागेल. रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारा तो रोबो. डोंगराच्या पोटात, एका देवळाखाली हजार वर्षं झोपलेला. त्याच्या अंगात तेल नाही की वीज नाही, तो चालतो मुलांच्या हाकेवर. अंधाराचे राक्षस गावावर चालून आले की मुलं डोंगराकडे तोंड करून हाका मारतात आणि हा दगडधोंडे उडवत उठतो. पहिली मालिका चालली, दुसरी चालली, तिसरीत त्याला पंख फुटले. पंख गोष्टीला नको होते, खेळणी विकणाऱ्यांना हवे होते. बिनपंखांचा गोराइमारू घरोघरी होता, पंखवाला कुणाकडेच नव्हता. टीव्हीवर पंखांना वजन नसतं. गच्चीवरच्या सोंगाला असतं, आणि ते आतल्या माणसाच्या पाठीवर येतं.

तो आतला माणूस म्हणजे कानेशिगे इसाओ, मंडळी मानानं म्हणायची ते काने-सान. पन्नाशी उलटलेला, किरकोळ अंगाचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला. तरुणपणी तो तलवारबाजीच्या सिनेमांत मरायचं काम करायचा. नायकाची तलवार फिरली की आडवं व्हायचं, दुसऱ्या बाजूनं पळत येऊन पुन्हा मरायचं. तसले सिनेमे बंद पडत गेले तेव्हा तो गच्चीवर आला. सुमिएनं त्याच्यासोबत इतकी वर्षं काढली होती की त्याच्या चेहऱ्यापेक्षा गोराइमारूचं तोंडच तिच्या जास्त ओळखीचं झालं होतं. रबर आणि फायबरचं ते सोंग अंगावर चढलं की कानेशिगे बोलायचा नाही. बोलायचं टेपनं. मुंडकं मानेमागे दोन खटक्यांनी बसायचं. ते आतल्या माणसाला स्वतःला काढता येत नसे आणि पोरांच्या देखत दुसऱ्यानंही काढायचं नसे. जगात गोराइमारू एकच आहे आणि त्याच्या आत कुणी नाही, यावर तर सगळा डोलारा उभा होता. जीव घाबरला तर डावा पाय आपटायचा, अशी एक खूण ठरलेली होती. बेशुद्ध माणूस पाय आपटत नाही, हे खूण ठरवताना कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

खेळाच्या मध्यावर राक्षसाचा फटका बसून गोराइमारू कोसळायचा आणि टेप थांबायची. गच्चीवर फक्त उन्हातल्या किड्यांची किरकिर उरायची. मग सुमिए पुढे यायची. "मुलांनो, गोराइमारूची ताकद संपली! हाक मारा!" पोरं हाक मारायची. तिसऱ्या हाकेला त्याचं एक बोट हलायचं, मग पंजा, मग कोपर. बोट हललं की सुमिए ओरडायची, "ऐकलं! त्यानं ऐकलं!" आणि त्या शब्दावर टेपवाला वाकुई कळ दाबायचा. बाकीच्या गच्च्यांवरचे गोराइमारू तिसऱ्या हाकेला मुकाट उठायचे. कानेशिगे उठायचा नाही. ताणायचा. चौथी हाक जाऊ द्यायचा, कधी पाचवीही. पोरं रडकुंडीला यायची, काही खरंच रडायची, आयासुद्धा हाका मारू लागायच्या आणि मग ते बोट हलायचं. गच्चीवर असा काही आनंद उसळायचा की खालच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं वर बघायची.

"उभं काय, कुणीही राहतं," राक्षसाचं काम करणाऱ्या तरण्या दोबाशीला तो सांगायचा. "पडून राहायला अक्कल लागते, बाळा."

त्या ऑगस्टात पितरांचा सण लागला होता. शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन आजीआजोबांकडे आलेली, आणि आजीआजोबांना पोरांना कुठंतरी न्यायचं असतं. गच्ची दोन्ही खेळांना भरणार हे ठरलेलं होतं. कुमागायाचा उन्हाळा असा की सकाळीच खुर्च्यांचं प्लास्टिक मऊ पडतं. व्हॅनमधून सामान उतरवताना सुमिएनं कानेशिगेकडे बघितलं. तोंड पिवळं पडलेलं, डोळे तांबारलेले. तिनं पुढं केलेली भाताची मूद त्यानं हातात घेतली आणि तशीच परत डब्यात ठेवली.

"काने-सान, सकाळचा खेळ दोबाशीला करू द्या. तुम्ही दुपारचा करा."

"दोबाशी? तो पडला की डुलकी लागल्यासारखा दिसतो."

"मी ऐकतोय हां," दोबाशी राक्षसाच्या पायांत शिरता शिरता म्हणाला.

"ऐकावं म्हणूनच म्हटलं."

"मी चेष्टा करत नाहीये," सुमिए म्हणाली. "आरशात तोंड बघा जरा."

"माझं तोंड कोण बघणार आहे गं? बघणार ते गोराइमारूचं. ते कसं, नेहमीच टवटवीत."

सुमिए हसली. हसायला नको होतं. दुकानाचे शिराकावा म्हणून अधिकारी होते, गच्चीवरचे कार्यक्रम त्यांच्याकडे असत. त्यांच्या कानावर घातलं असतं तर त्यांनी कानेशिगेला त्या दिवशी सोंगात शिरूच दिलं नसतं. पण कलाकारानं कलाकाराची तब्येत दुकानवाल्यांच्या कानावर घालायची नाही, अशी या लोकांत रीत आहे. घातलीच तर तो चुगलखोर ठरतो. इमानदार माणसांची रीत आहे ती. अशा इमानानं माणसं मरतात.

तिनंच त्याच्या मानेमागचे खटके लावले. आतून कसलासा आवाज आला. तिला वाटलं, खाकरला.

खेळ नेहमीसारखा सुरू झाला. कानेशिगे उभा राहिला, वळला, पंख पसरले. राक्षसाशी झुंजला. फटका बसला तेव्हा तो टेपच्या आवाजाच्या किंचित आधीच पडला, आणि पाठीवर पडायचा तो कुशीवर पडला. सुमिएनं ते टिपलं. तिला वाटलं, आज काहीतरी नवीन काढलंय म्हाताऱ्यानं. लबाड कुठला!

टेप थांबली. ती पुढे झाली.

"मुलांनो, गोराइमारूची ताकद संपली! हाक मारा!"

"गोराइमारू!"

"अजून मोठ्यानं!"

दुसरी हाक गेली, तिसरी गेली. बोट हललं नाही. सुमिएला बरंच वाटलं, कारण गच्ची भरलेली होती, पोरं तापलेली होती, आणि अशा वेळीच तो ताणायचा. चौथी हाक गेली. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. मग तिनं तिचा हुकमी एक्का काढला. पोरांच्या आवाजाला धार आणायची तर एका बाजूला दोष द्यायचा, म्हणजे दोन्ही बाजू चेकाळतात.

"तो डावीकडचा कोपरा! तिकडून आवाजच येत नाहीये! काही जणांनी तोंडच उघडलेलं नाही! म्हणून तर गोराइमारूला ऐकू येत नाहीये!"

डावीकडच्या कोपऱ्यात गवती टोपी घातलेली एक मुलगी आजीशेजारी बसली होती. तिच्या हातातल्या पेल्यातल्या हिरव्या सरबती बर्फाचं पाणी झालं होतं. सुमिएनं बोट केलं ते नेमकं तिच्याकडे गेलं. आसपासची सगळी पोरं वळून तिला बघू लागली आणि तिनं ओठ आणखीच घट्ट मिटले.

"गोराइमारू!" गच्ची दणाणली.

वाऱ्याची झुळूक आली आणि गोराइमारूचा एक पंख हलला. सुमिएनं ते डोळ्याच्या कडेनं बघितलं. तोंडातून शब्द निघून गेला, "ऐकलं! त्यानं ऐकलं!" वाकुईनं कळ दाबली. कर्ण्यांतून तो खणखणीत आवाज घुमला, "धन्यवाद, मित्रांनो! तुमच्या हाकेनं मी पुन्हा उभा राहिलोय!"

आणि तो पडलेलाच होता.

काही पोरं हसली. मग तीही गप्प झाली. आवाज तिकडे राक्षसाला ललकारत होता आणि सोंग इकडे कुशीवर पडलेलं. राक्षसाच्या वेषातला दोबाशी हल्ला केल्यासारखं करत वाकला आणि त्यानं गोराइमारूच्या तोंडाला कान लावला. मग त्यानं मान वर केली. राक्षसाचं मुंडकं असूनही त्याच्या नुसत्या मानेवरून सुमिएला कळलं.

ती धावली. माईकवर हात दाबला.

"ताई, श्वास ऐकू येत नाहीये. मुंडकं काढतो." त्याचे पंजे खटक्यांशी झटत होते.

"इथं नाही!"

"ताई, अहो—"

"पोरं बघतायत! आत न्या. आत न्या म्हणते ना!"

हे ती बोलली. विचार करून नाही, शिकवलेलं बोलली. आयुष्यभर ज्याची राखण केली ते तोंडातून आपोआप बाहेर आलं. जळत्या घरातून बाहेर पडताना एखादी बाई चपला नीट लावते, तसंच ते. पण बोलली तीच, दुसरं कुणी नाही.

वाकुई टेप तशीच सोडून धावला. दोघांनी सोंग बगलेत धरून ओढलं. रंगमंचाच्या मागच्या फळीला एक अरुंद दार होतं. बिनपंखांचा गोराइमारू त्यातून सहज जायचा. पंखवाला आडवा होऊन अडकला. ते ओढत होते, पंख दारात रुतत होते, आणि इकडे शेकडो पोरं डोळे फाडून बघत होती. सुमिए त्यांच्यासमोर उभी राहिली, अशी की दार तिच्या पाठीआड जावं.

"गोराइमारू खूप दमलाय," ती म्हणाली. आवाज गोड, खणखणीत, रोजचा. "तो डोंगरात झोपायला निघालाय. आपण त्याच्यासाठी गाणं म्हणू या, म्हणजे त्याला छान झोप लागेल. म्हणायचं ना?"

आणि तिनं गोराइमारूचं गाणं म्हटलं, हातवाऱ्यांसकट. पहिलं कडवं, दुसरं कडवं. पाठीमागे पंख मोडल्याचा आवाज आला तेव्हा ती टाळ्या वाजवायला लावत होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती मागे गेली तेव्हा मुंडकं निघालेलं होतं. राक्षसाच्या पायांतला दोबाशी कानेशिगेच्या डोक्यावर बादलीनं पाणी ओतत होता आणि "उठा ना, उठा ना" असं काहीतरी पुटपुटत होता. कानेशिगेचं तोंड लाल होतं आणि कोरडं होतं, घामाचा टिपूस नाही. अंगावरचं सोंग मात्र आतून भिजून चिंब झालं होतं. सुमिएनं त्याचा हात हातात घेतला. "काने-सान," ती म्हणाली.

रुग्णवाहिका मालाच्या दारानं आली, कारण समोरच्या दाराशी गिऱ्हाईक होतं. सुमिए सोबत जायला निघाली तर शिराकावा म्हणाले, "नाबेता, तू थांब. तू गेलीस तर दुपारचं काय?" दुकानातली एक मुलगी गाडीत बसून गेली.

त्यानंतर सुमिए गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून राहिली. जवाचा थंड चहा समोर होता, तो गरम होत गेला. काने-सान वाचले पाहिजेत, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ती देवाला असलं काही काही कबूल करत होती की लाज वाटावी. चिचिबूला परत जाईन, माईक हातात धरणार नाही, आईचं ऐकेन. दोबाशी कोपऱ्यात तिच्याकडे पाठ करून बसला होता.

दार उघडून शिराकावा आत आले. एरवी हा माणूस उंबऱ्यातूनच नुसतं 'नाबेता' म्हणून खेकसायचा, 'सान' लावायचा नाही. आता त्यांनी दार सावकाश लावून घेतलं, दोन्ही हात बाजूला नीट धरले आणि म्हणाले, "नाबेता-सान, आपण जरा बसून बोलू या का?" ती बसलेलीच होती. तेव्हाच तिला कळलं. त्यांनी सांगितलं ते तिनं नंतर ऐकलं. वाटेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. थोडं आधी अंग मोकळं केलं असतं तर कदाचित. सांगता येत नाही म्हणाले. डॉक्टरांचं ते 'कदाचित' शिराकावांनी जसंच्या तसं तिच्या पुढ्यात ठेवलं. ते कुणाला उद्देशून होतं, हे त्यांना कुठं माहीत होतं!

मग ते मुद्द्यावर आले. सकाळची पोरं रडत घरी गेली होती. खाली चौकशीच्या खिडकीशी पालक येऊन विचारत होते. दुपारच्या खेळाला लोक आधीच येऊन बसले होते. "गोराइमारू उठलेला दिसला पाहिजे, नाबेता-सान. तेवढं झालं की मी तुमच्याकडे काहीच मागणार नाही."

नाही म्हणता आलं असतं तिला. कुणी गळा धरला नव्हता. पण ज्या माणसाला दुसरं काहीच करता येत नाही, तो दुःखातही तेच करतो. तिनं पावडर लावली. पंखाला मागून चिकटपट्ट्या लावल्या. दोबाशीकडे वळून म्हणाली, "शिरतोस?"

दोबाशीनं सोंगाच्या आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "ओलंय अजून," तो म्हणाला. मग तो शिरला. तिनं खटके लावले. आतून हुंदक्यांचा आवाज येत होता आणि गोराइमारूचं तोंड नेहमीसारखंच टवटवीत होतं.

दुपारी राक्षस झाला वाकुई. टेपच्या कळीशी शिराकावा स्वतः टाय सैल करून बसले. फटका बसला, दोबाशी पाठीवर पडला. टेप थांबली. किड्यांची किरकिर सुरू झाली. सुमिएनं माईक तोंडाशी नेला आणि तसाच खाली केला. पोरं तिच्याकडे बघत राहिली. शेवटी पोरांनीच हाक मारली, तिनं न सांगता.

"गोराइमारू!"

दुसरी हाक अर्ध्यात होती तोच दोबाशी उठून बसला. त्याच्यानं तिथं पडून राहवलं नाही. टेप उशिरा सुरू झाली, आभाराचे शब्द आले तेव्हा तो उभा राहून चाललाही होता. पोरं जराशी हिरमुसली. हाक पुरती मारायलाही मिळाली नव्हती.

खेळानंतर रांगेनं हात मिळवायचे असतात. गोराइमारू मधोमध उभा राहतो, ताई बाजूला. पोरं त्याचा पंजा धरून काय वाटेल ते बोलतात. मी भात सगळा संपवते. माझा दात पडला. मला भाऊ झाला. आत मुंडक्यात बसवलेल्या इवल्या पंख्याची घरघर असते, रबर जाड असतं, धड ऐकू येत नाही. म्हणून नियम असा की मूल काहीही बोललं की मान हलवायची. कुणालाही नाही म्हणायचं नाही.

रांग संपत आली तेव्हा गवती टोपीतली मुलगी दिसली. आजीनं तिला परत आणलं होतं. जेवली नाही म्हणे दुपारची. ती गोराइमारूकडे गेली नाही. सुमिएसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, हा तो नाहीये."

"तोच आहे गं. झोप काढून ताजातवाना होऊन आलाय."

"तो असा पटकन उठत नाही. तो खूप वेळ पडून राहतो." मुलगी बुटाच्या टोकाकडे बघत होती. "सकाळी मी ओरडले नव्हते. मला लाज वाटली. सगळे ओरडले, मीच नाही. म्हणून तो मेला का?"

आजी ओशाळून हसली. "सकाळपासून हेच चाललंय हो. तुम्हीच सांगा बाई तिला. तुमचं ऐकेल."

सुमिए गुडघ्यांवर बसली. गुडघे सिमेंटवर भाजले. मुलीचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं आणि तिला वाटलं, सांगून टाकावं. तुझी हाक त्याच्यापर्यंत गेली असती तरी तो उठला नसता, पोरी. त्याला उठवायचं नव्हतंच, उघडायचं होतं. ते माझ्या हातात होतं. पण हे पाच वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकून आपण मोकळं व्हायचं, एवढी ती अजून घसरली नव्हती.

"मेला नाही," ती म्हणाली. "मी सकाळी खोटं बोलले. ओरडण्याचं आणि उठण्याचं काही नसतं. त्याला बरं वाटत नव्हतं, एवढंच. तुझ्यामुळे काही नाही झालं. ऐकतेस ना? तुझ्यामुळे नाही. आणि हा तोच आहे. तुला वाटत असेल तर तूच बोल त्याच्याशी."

मुलीनं टोपी मागे सारली. मग गोराइमारूपाशी गेली, दोन्ही हातांनी त्याचा पंजा धरला, आणि सकाळी जो आवाज निघाला नव्हता त्या आवाजात, गच्चीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "सकाळी हाक मारली नाही, मला माफ कर!"

गोराइमारूनं मान हलवली. टोपीवरून पंजा फिरवला. मुलगी आजीकडे पळत सुटली. जाताना ती बर्फाच्या गाडीकडे बोट दाखवून काहीतरी मागत होती.

हळूहळू गच्ची रिकामी झाली. शिराकावा खाली गेले. वाकुई खुर्च्या एकमेकींत घालत होता. सोंग अजून उभंच होतं, कारण खटके सुमिएनं उघडायचे होते. ती मागे जायची ती समोर आली. जिथं पोरं उभी राहतात तिथं उभी राहिली. त्या मुलीला जे जमलं ते आपल्याला का जमू नये, असं काहीतरी तिला वाटलं असावं. पिवळी टोपी काढून तिनं काखेत धरली, पांढरे हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी तो पंजा धरला.

"काने-सान," ती म्हणाली, "मी काढू दिलं नाही. पोरं बघतील म्हणून. मला माफ करा."

वाकुईच्या खुर्च्यांचा आवाज थांबला. सुमिए वर बघत राहिली. कुणालाही नाही म्हणायचं नाही, हा नियम दोबाशीला पाठ होता. दिवसभर त्यानं तो पाळला होता. आत पंखा घरघरत होता, पण तिनं काय म्हटलं ते त्याला ऐकू गेलं होतं, कारण पंजा तिच्या हातात ताठ झाला होता.

गोराइमारूची मान हलली नाही.